नाक नसलेल्या पुजाऱ्याचं विसर्जन

हायडेलबर्ग,
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

तीर्थरूप विवेककाकांच्या चरणी यशोधनचा साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत साष्टांग घालायचा म्हटलं तर पाय बाहेर पॅसेजमध्ये जातात, आणि पॅसेजमध्ये काहीही ठेवायला आमच्या हाउसमाइस्टरची, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराची, सक्त मनाई आहे. तरी घातला असं समजावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? बीपीची गोळी वेळेवर घेता ना? काकू इकडे आल्यापासून तुम्ही खिचडीवर दिवस काढताय असं कळलं. काका, तुमचा मला मनापासून हेवा वाटतो. खिचडी, शांतता, आणि घरातली प्रत्येक वस्तू आपण ठेवली तिथेच सापडणं! एवढं सुख माणसाला आयुष्यात कितीदा मिळतं? महत्त्वाचं असेल ते कागदावर आणि फुटकळ असेल ते व्हॉट्सॅपवर, हा तुमचाच नियम, म्हणून हे पत्र. शिवाय पाटबंधारे खात्यात तुमची हयात गेली. नदीत काय सोडावं आणि काय सोडू नये, यावर घरात बोलायचा अधिकार कोणाला असेल तर तो तुम्हालाच. तो तुम्ही काकूच्या बाबतीत आजवर कधी वापरला नाहीत, त्याची फळं मी भोगतोय.

काकूला पाठवताना तुम्ही फोनवर म्हणाला होतात, पोराची आबाळ होतेय, ती असली की तुला आधार होईल. झाला. इतका झाला की आता हायडेलबर्गचे पोलीस, अग्निशमन दल आणि आमची अख्खी इन्स्टिट्यूट मला ‘त्या बाईंचा पुतण्या’ म्हणून ओळखते. तीन वर्षं मी इथे राहतोय, आजवर मला बेकरीवालासुद्धा ओळखत नव्हता.

आता मुळापासून सांगतो. आपल्या घराण्यात इंजिनिअर पोत्यानं आहेत. मी एकटाच असा निघालो की जो जुन्या इजिप्तमधल्या देवांच्या आणि पुजाऱ्यांच्या मूर्तींवर पीएचडी करतो. (कुंदाआत्या अजूनही लोकांना ‘आमचा यशोधन जर्मनीत मशिनरीत आहे’ असं सांगते. तिच्या जावयाच्या टाइल्सच्या शोरूममध्ये माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवल्याचंही ती दर दिवाळीला आठवणीनं कळवते. प्रेमळ बाई.) माझं इथलं काँट्रॅक्ट डिसेंबरात संपतं. ते वाढलं तर मी इथे, नाही वाढलं तर व्हिसा गेला, पीएचडी अर्धवट, आणि मी टाइल्सच्या खुर्चीवर. वाढणं न वाढणं सगळं आमच्या फ्राउ प्रोफेसर वीगांट यांच्या हातात, आणि त्यांनी माझी पारख करायला मला इन्स्टिट्यूटच्या छोट्या प्रदर्शनाचं काम दिलेलं: देव आणि त्यांचे सेवक. तेव्हा काका, हे प्रदर्शन म्हणजे माझा सगळा संसार होता असं धरून पुढचं वाचा.

या प्रदर्शनातला मुख्य मानकरी एक पुजारी. गुडघे टेकून बसलेला, डोकं तुळतुळीत, हातात छातीशी धरलेला एक देव्हारा आणि त्या देव्हाऱ्यात बोटाएवढा ऑसिरिस देव. मूळ दगडी मूर्ती दुसऱ्या एका म्युझियममध्ये सुखात आहे; आमच्याकडचा हा तिच्यावरून साच्यातून काढलेला प्लॅस्टरचा उतारा, पण तोही शंभरेक वर्षं जुना, आणि आता तसा दुसरा निघत नाही कारण साचाच राहिलेला नाही. फ्राउ प्रोफेसरांचा त्याच्यावर जीव. इमारतीबाहेर एक टाचणीसुद्धा त्यांच्या परवानगीशिवाय न्यायची नाही, हा तिथला पहिला नियम. मी हा पुजारी निळ्या पिशवीत घालून, माझा मफलर गुंडाळून, ट्रामनं घरी घेऊन आलो. (इन्स्टिट्यूटच्या तळघरात उजेड भिकार आहे आणि मला फोटो चांगले हवे होते. यात चूक काय? परवानगी मागितली असती तर त्या नाही म्हणाल्या असत्या, म्हणून मागितली नाही. सरळ हिशोब आहे.) ट्राममध्ये समोरच्या आजी पिशवीतून वर आलेल्या टकलाकडे बघून हळूच उठून पुढच्या डब्यात गेल्या.

काकूनं त्याचं स्वागत असं केलं की जणू लग्नाला आलेले गुरुजी. कोण, कुठले, कुठल्या देवाचे, घरी कोण कोण, सगळी चौकशी. मी सांगितलं, हे लोक दिवसातून दोनदा आणि रात्रीतून दोनदा आंघोळ करायचे, अंगावरचा केस न केस काढायचे, लोकर घालायची नाही, सकाळी देवाला उठवायचं, पुसायचं, नवीन वस्त्र नेसवायचं, जेवण दाखवायचं. काकू म्हणाली, म्हणजे सोवळंच की रे. मग नैवेद्याचं पुढं काय व्हायचं? मी म्हटलं, देवाचं झालं की पुजाऱ्यांमध्ये वाटायचे. ‘मग एवढं परदेशात येऊन तू नवीन काय शिकलास?’ असं विचारून काकू कुकर लावायला गेली. माझ्या थिसीसचं दुसरं प्रकरण, सव्वाशे पानं, तिनं असं कुकरच्या शिट्टीआधी निकालात काढलं.

नंतरच्या दोन-तीन दिवसांत फोटोंचं काम झालं. पुजारी ओट्याशेजारच्या स्टुलावर होता, मधूनमधून इकडे तिकडे हलवावा लागायचा. तर गुरुवारी काकू चष्मा लावून त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, याचं नाक कुठं गेलं रे? नाक, काका, नव्हतं. नाकाच्या जागी पांढरा खरबरीत डाग होता. (मूर्ती म्हटली की नाक असेल, नसेल, आमच्या धंद्यात या गोष्टीचा फारसा बाऊ करत नाहीत.) मी तिला शांतपणे आणि सविस्तर समजावून सांगितलं की इजिप्तच्या मूर्तींची नाकं पुष्कळदा फुटलेलीच असतात. मूर्तीत जीव आहे असं ते लोक मानायचे, नवी मूर्ती घडली की तिचं तोंड उघडण्याचा विधी करायचे. मग शत्रू आला की तो पहिल्यांदा नाक फोडायचा, म्हणजे मूर्तीचा श्वास बंद. बोलता बोलता मी रंगात आलो. तिला हेही सांगितलं की या पुजाऱ्याच्या पाठीवर मजकूर कोरलेला आहे: येणाऱ्या-जाणाऱ्यांनो, माझ्यासाठी ‘भाकरी आणि बिअर’ एवढं नुसतं म्हणा, तुमची तोंडची वाफ तेवढी खर्च होईल, खिशातलं काही जाणार नाही. काकूनं सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘म्हणजे प्राणप्रतिष्ठा झालेली, आणि आता खंडित. अगं बाई.’ आणि भाजी चिरायला बसली. मला वाटलं, विषय संपला. एवढी वर्षं आपल्या घरात काढून मला असं वाटावं, म्हणजे माझ्या अकलेची कमाल आहे.

शुक्रवारी मी सेमिनारला गेलो. (विषय: मूर्तीचं आयुष्य कधी संपतं? बोलणारा मीच.) मी इकडे मूर्तीचं आयुष्य संपवत असताना तिकडे काकूनं आंघोळ केली, कांजीवरम नेसली, त्यावर माझं पावसाळी जॅकेट आणि खाली स्पोर्ट्स शूज घातले, पुजाऱ्याला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, दहीभाताचा डबा भरला, आणि निळ्या पिशवीत पुजारी घेऊन ती चालत नेकार नदीवर गेली. गवतावर ऊन खात पडलेली कॉलेजची पोरं, पाण्यात बदकं, वल्हवणाऱ्यांची एक नाव. अशा रम्य वातावरणात काकूनं काठावर बसून पुजाऱ्यापुढे दहीभात ठेवला, हात जोडले, पुन्हा या म्हणाली, आणि त्याला दोन्ही खांद्यांना धरून पाण्यात घातलं. प्लॅस्टर आतून पोकळ असतं. पहिल्या बुडीत तो गेला नाही, वर आला. काकूनं त्याचं डोकं पुन्हा दाबलं. पुन्हा वर. आता पलीकडून सायकलवरून जाणाऱ्या सद्गृहस्थांना काय दिसलं असेल ते तुम्हीच सांगा: रेशमी वस्त्रातली एक परदेशी बाई एका बुटक्या टकल्या माणसाला नदीत बुडवतेय, तो जिवाच्या आकांतानं वर येतोय, आणि ती शांत चेहऱ्यानं काहीतरी पुटपुटत त्याला परत खाली लोटतेय.

पोलिसांची गाडी आली, अग्निशमन दलाची बोट आली, ॲम्ब्युलन्स आली. माझा फोन सेमिनारच्या मध्यात वाजला. समोरच्या सभ्य आवाजानं विचारलं, शुभदा नावाच्या बाई तुमच्या कोण? मी म्हटलं, काकू. आल्झो, तो म्हणाला, मग तुम्ही लगेच या. मी धावत पोचलो तेव्हा बोटीतल्या दोघांनी पुजाऱ्याला स्ट्रेचरवर घेतलेलं, वर चंदेरी पांघरूण घातलेलं. आणि आपली काकू, काका, पोलिसांच्या गाडीत मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेली, आणि गणवेशातला तो सहा फुटी गडी डब्याच्या झाकणात दहीभात खातोय. त्याला मिरची लागली म्हणून ती त्याला दही वाढत होती. चौकशी कशी चालली आहे असं मी विचारल्यावर तो म्हणाला, सेअर गुट, फार छान. चौकशीची की भाताची तारीफ, ते मी विचारलं नाही.

गुन्हा असा काही निघाला नाही. नदीत वस्तू टाकल्याबद्दल समज दिली, आणि ‘तुमच्या धर्मात हे चालतं का’ असं त्यांनी मला घाबरत घाबरत विचारलं. मी ‘गेनाऊ’, अगदी बरोबर, म्हटलं. पण खरी सुनावणी पुढे होती. पुजाऱ्याच्या पाठीवर इन्स्टिट्यूटचा शिक्का होता, त्यामुळे पोलिसांनी फ्राउ प्रोफेसरांना आधीच फोन केलेला. सोमवारी सकाळी मी आणि काकू त्यांच्यासमोर. मी शनिवार-रविवारी टाइल्सचे प्रकार पाठ करत होतो. व्हिट्रिफाइड, सिरॅमिक, अँटी-स्किड.

टेबलावर पुजारी. पाण्यानं जरा फुगलेला, कपाळावर कुंकू प्लॅस्टरमध्ये असं मुरलंय की आता निघत नाही, आणि नाक नाही. फ्राउ प्रोफेसरांनी पहिला प्रश्न विचारला तो मला: ही वस्तू तुमच्या घरी कशी? मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात काकूनं तिच्या शाळेतल्या खणखणीत इंग्रजीत सांगून टाकलं की मीच त्याच्यामागे लागले, मला बघायचंय, घरी आण, माझे गुडघे दुखतात, माझ्याच्यानं तळघराचे जिने उतरवत नाहीत. (हे ती मला कधी म्हणाली ते मला आठवत नाही. गुडघे तर तुमचे दुखतात. वयोमानानं तिची थोडी गल्लत होते आताशा, काका, लक्ष असू द्या.) मग तिनं हात जोडले, पुजाऱ्याच्या मुळातच फुटक्या असलेल्या कानाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की खंडित मूर्ती आम्ही घरात ठेवत नाही, तिला मानानं वाहत्या पाण्यात पोचवतो, मला कुठं ठाऊक की तुमच्याकडे फुटक्या मूर्ती कपाटात मांडून ठेवतात. आणि डोळ्याला पदर लावला. काका, मी काकूला आजवर पदर लावताना पाहिलेलं नाही. आजी गेली तेव्हासुद्धा ती पदर खोचून उभी होती.

पुढे जे झालं ते बघण्यासारखं होतं. फ्राउ प्रोफेसरांनी चाळीस वर्षं मूर्तींच्या पूजाविधींवर ग्रंथ लिहिले. आणि आता समोर खरोखरची पूजा केलेली बाई बसलेली. रागवायचं कोणत्या तोंडानं? बिचाऱ्यांचा चेहरा लाल झाला, पांढरा झाला, मग त्यांनी काकूलाच पाणी दिलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या की पुन्हा अशी परवानगीशिवाय वस्तू हलली तर डिसेंबरची वाट बघणार नाही. मग पुजाऱ्याचं हातानं निरीक्षण करून निकाल दिला: तडे दोन, झीज थोडी, आणि नाक नदीत गेलं. त्यावर पाणबुडे लावून नाक शोधावं का अशी गंभीर चर्चा सुरू झाली. मी घाईघाईनं म्हटलं की नेकारला ओढ फार आहे, एव्हाना ऱ्हाईनला लागलं असेल. (नदीतलं मला काय कळतं? तुमचं नाव मनात घेऊन ठोकून दिलं.) नाकावर आणखी कोणी काही विचारलं नाही, मीही विषय वाढवला नाही.

आणि मग कळस. आता पुजारी प्रदर्शनात मध्यभागी ठेवणार, कुंकवासकट, नाकाशिवाय, आणि खाली पाटी: ‘पुणे येथील शुभदाबाईंनी विधिपूर्वक विसर्जन केलेला.’ ती पाटी मी लिहायची. माझं नाव पाटीवर नाही. काँट्रॅक्ट वाढलं, दोन वर्षांनी, फ्राउ प्रोफेसरांनी परवा सही केली. पण ते माझ्या हुशारीमुळे वाढलं असं म्हणायला मला जागाच ठेवलेली नाही. तीन वर्षं तळटीपा लिहिल्या मी, आणि दहीभात कालवून नाव काढलं काकूनं. बरं, तिला याचा पश्चात्ताप? छे! कालपासून ती माझी खोली आवरतेय. एक वस्तू जागेवर नाही. एक अगदी लहानशी गोष्ट मी टेबलाच्या खणात ठेवली होती, ती तर कुठेच सापडत नाही, आणि काय शोधतोयस असं ती तीनदा विचारून गेली. मी पेन म्हणालो.

तर काका, मुद्दा असा, की माणसानं पुतण्याची काळजी करावी, पण इतकीही करू नये. माझा जीव त्या शुक्रवारी अक्षरशः पाण्यात होता. घरी सगळ्यांना नमस्कार. कुंदाआत्याला यातलं काहीही कळवू नये, ती ते टाइल्सवाल्यांसकट साऱ्या नगरला कळवेल.

तुमचा,
यशोधन

ता. क. मुख्य विनंती राहिली. काकूचं परतीचं तिकीट पुढच्या महिन्याच्या शेवटचं आहे. ते अलीकडे ओढून घेता आलं तर बघा. एअरलाइनला तब्येतीचं कारण सांगा. माझ्या तब्येतीचं.

ता. क. २. वरची विनंती तूर्त रद्द समजा. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला फ्राउ प्रोफेसरांनी तिला पाहुणी म्हणून बोलावलंय, आणि तो पोलीसवाला दोनदा येऊन दहीभाताची कृती विचारून गेला. शिवाय उद्या ती मला थालीपीठ करणार आहे. पत्र तिच्याकडेच देतोय, पोस्टात टाकायला. पाकीट चिकटवलंय.

ता. क. ३.

अहो,

पाकीट वाफेवर उघडलं. तीस वर्षं शाळा चालवली, पाकीट उघडायला वेळ लागत नाही.

यशनं सगळं बरोबर लिहिलंय, एक सोडून. पुजारी आला त्या दिवशी त्याला नाक होतं. चांगलं सरळ, तुमच्यासारखं. बुधवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते, हा स्टूल हलवायला गेला आणि धप्पकन आवाज आला. दारातून पाहिलं तर पोरगं फरशीवर बसलेलं, तळहातावर ते नाक घेऊन, आणि लहानपणी रडायचं तसंच आवाज न करता रडत होतं. मी तशीच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी विचारून पाहिलं, म्हटलं सांगतोय का. तर त्यानं मला शत्रू आणि श्वास सांगितला. शाळेत पोरं काच फोडली की वाऱ्यावर ढकलायची, हा तीन हजार वर्षांवर ढकलतोय. हसू येत होतं, पण भाजी चिरायला बसले. त्याच्याकडे तेवढं एकच आहे. त्या टकल्या माणसांशी तो बोलतो, मी ऐकलंय. ते जाऊ द्यायचं नव्हतं मला.

मग म्हटलं, याला कोणी रागवेल, पण पासष्ट वर्षांच्या बाईच्या देवधर्मावर कोण रागवणार?

त्याला काही कळू देऊ नका. कळलं तर हा सोमवारीच त्या बाईंपुढे जाऊन खरं सांगून येईल, त्या बाबतीत तुमच्यावर गेलाय. माझं काम एवढंच: रविवारी फोन करा, स्पीकरवर ठेवायला सांगा, आणि मला चांगलं खडसावा. नदी काय तुझ्या बापाची आहे का, वगैरे. त्याच्या देखत. त्याला बरं वाटेल. तुम्हाला ते जमतं.

नाक माझ्या मेथीदाण्याच्या डबीत आहे. तिकिटाचं काही करू नका.

आणि एक. बाकी सगळं नाटक होतं, पण दहीभात मी मनापासून ठेवला होता. आपल्या घरात नाक गेलं बिचाऱ्याचं, त्याला उपाशी कसं पाठवायचं?

शुभदा